एमआरआयतले पांढरे डाग: आईचे वेगळे, बहिणीचा प्रश्न वेगळा

प्रश्न: आई ६६ वर्षांची, बीपी आणि शुगर दोन्ही आहे. चक्कर येते म्हणून एमआरआय केला तर रिपोर्टात 'व्हाइट मॅटर चेंजेस, फाझेकास ग्रेड १' लिहून आलं. गूगलवर बघितलं तर सगळीकडे एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि नसांचा आजार). त्यात २७ वर्षांच्या बहिणीला गेल्या वर्षी एका डोळ्याने अंधुक दिसायचं, ते आपोआप बरं झालं. घरात हा आजार आहे का? — एक वाचक, फोंडा

उत्तर: दादा, आधी आईचं. फाझेकास ग्रेड म्हणजे हे पांढरे डाग किती आहेत त्याचं माप, ती ० ते ३ असते, १ म्हणजे बारीक बारीक ठिपके, आणि साठीनंतर ते कितीतरी जणांच्या एमआरआयत दिसतात. बीपी, शुगर, तंबाखू यांनी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात आणि तिथला पांढरा भाग झिजतो, त्याला एमएस म्हणत नाहीत. चक्कर या ठिपक्यांमुळेच येते असंही धरून बसू नका, कानाचं कारण असू शकतं. बीपी मात्र घरी मोजून लिहून ठेवा, ते आटोक्यात राहिलं तर ठिपके वाढायचा वेग कमी होतो. आणि आईने मासळी-अंडी सोडली असतील किंवा शुगरसाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ तपासाच, कारण त्याच्या कमतरतेनेही मायलिन (नसांवरचं आवरण) खराब होतं, पाय बधिर होतात, चालताना तोल जातो, आणि वेळेवर इंजेक्शनं मिळाली तर बरंचसं सुधारतं.

आता बहीण. मला खरी काळजी तिची वाटते.

मायलिन म्हणजे मज्जातंतूभोवती थरावर थर गुंडाळलेलं चरबीयुक्त आवरण, मेंदूत ते ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी बनवतात. आवरण असलेल्या जाड तंतूत संदेश सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास पळतो, नसलेल्या बारीक तंतूत जेमतेम एखाद मीटर. डोळ्याच्या नसेलाही हेच मेंदूवालं मायलिन असतं, त्यामुळे एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच त्यावर उलटली की पहिला फटका पुष्कळदा तिथे बसतो. डोळा हलवला की दुखणं, लाल रंग फिका दिसणं, आणि काही आठवड्यांत सगळं बरं. घरचे निर्धास्त होतात ते इथेच. सूज उतरते, पेशी थोडं मायलिन परत बांधतात पण ते पातळ असतं, आणि काही तंतू कायमचे गेलेले असतात. तिला विचारा, तेव्हा डोळा दुखायचा का, आता मे महिन्याच्या उकाड्यात किंवा ताप आला की तेवढ्यापुरतं परत अंधुक होतं का, कधी हातापायाला मुंग्या येऊन काही दिवस टिकल्या का.

प्रत्येक वेळी एमएसच निघतो असं नाही. पण हा आजार विशीपासून चाळिशीपर्यंत सुरू होतो, बायकांत जास्त, आणि आता पुढचे झटके कमी करणारी औषधं आहेत जी लवकर सुरू केली तर जास्त उपयोगी पडतात, मग 'बरं झालंय ना' म्हणून बसायचं कशाला? बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) न्यूरॉलॉजी ओपीडी आहे, डोळ्यांचे जुने कागद घेऊन तिला न्या. आईचा रिपोर्ट तिच्या फायलीत घालू नका, दोघींचा संबंध नाही.