हॅवलॉक-नीलच्या प्रवाळांत उतरण्यापूर्वी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकातील अंदमानविषयीच्या लेखानंतर आलेल्या बहुतेक पत्रांत स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप या दोन बेटांवरच्या पाण्यातील खेळांविषयी विचारणा आहे. ही नावे डिसेंबर २०१८ पासूनची आहेत. बोलण्यात अजूनही हॅवलॉक आणि नील हीच नावे चालतात, म्हणून येथेही तीच ठेवली आहेत.

प्रश्न : आम्ही डिसेंबरात अंदमानला जात आहोत. मी ४६ वर्षांचा असून लहानपणापासून विहिरीत पोहतो. पत्नीला अजिबात पोहता येत नाही. मुलगा अकरा वर्षांचा आहे. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. सहलीचे आयोजक म्हणतात, ‘काही होत नाही, सगळेच करतात.’ आम्ही स्कूबा डायव्हिंग (पाठीवर हवेची टाकी घेऊन मारायची बुडी) करावे का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : पोहता न येणे ही यात अडचण नाही, गोळी चालू असणे ही मात्र आहे. नवख्यांसाठी जी ओळख करून देणारी बुडी असते, तिच्यात प्रशिक्षक सतत आपल्याला धरून असतो, खोली १२ मीटरच्या आत आणि प्रत्यक्षात बहुधा त्याहून बरीच कमी ठेवली जाते, आणि आपण हातपाय न मारता शांत श्वास घेत राहणे एवढेच अपेक्षित असते. गंमत अशी की, येथे आपल्यापेक्षा आपल्या पत्नीला सोपे जाण्याची शक्यता अधिक आहे. विहिरीत सूर मारणारा माणूस छाती भरून हवा घेतो आणि ती रोखून धरतो; स्कूबात नेमके हेच करायचे नसते. वर येताना भोवतालचा दाब कमी होतो, रोखून धरलेली हवा फुगते आणि फुप्फुसाला गंभीर इजा होऊ शकते. ज्यांना पाण्याची सवय नाही ते ‘श्वास चालू ठेवा’ ही सूचना निमूटपणे पाळतात. पोहणाऱ्यांना जुनी सवय मोडावी लागते.

दुसरी गोष्ट कानांची. पाण्यात १० मीटर खाली गेल्यावर शरीरावरचा दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो आणि त्याची पहिली वर्दी कान देतात. घाट उतरताना दडे बसले की आपण जे करतो तेच येथे करायचे : नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर घालायची, मात्र दुखू लागण्याच्या आधी आणि पुन्हापुन्हा. सर्दी झालेली असेल तर त्या दिवशी बुडी रद्द करावी. आधीच दिलेले पैसे बुडतील म्हणून उतरणारे लोक कानाचे दुखणे घेऊन घरी येतात.

बुडीपूर्वी प्रकृतीविषयीचा एक अर्ज भरून घेतला जातो. त्यात रक्तदाब, दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, गर्भारपण असे प्रश्न असतात आणि पुष्कळ जण रांगेत उभ्या उभ्या सर्व रकान्यांत ‘नाही’ लिहून मोकळे होतात. आपण तसे करू नये. निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना दाखवून लेखी दाखला घ्यावा. त्यांनी नकार दिला तर प्रश्न तेथेच मिटला. मुलाचे वय चालेल, कारण सर्वसाधारणपणे दहा वर्षे ही किमान अट असते. पण तो पाण्याशी गेल्यावर कचरला तर ‘एवढ्या लांब आलोय’ म्हणून त्याला ढकलू नये.

आणि वेळापत्रकात एक बदल करून घ्या. एका बुडीनंतर किमान १२ तास आणि एकाहून अधिक बुड्या झाल्या असल्यास किमान १८ तास विमानात बसू नये, असा संकेत आहे. परतीच्या सकाळी बुडी ठेवणारा कार्यक्रम स्वीकारू नका.

प्रश्न : जाहिरातीत लाल, जांभळी, पिवळी प्रवाळे दिसतात. आम्ही हॅवलॉकच्या एलिफंट बीचवर गेलो तर सगळे तपकिरी आणि मातकट दिसले. मध्येच एक पांढरेशुभ्र झुडूप होते, तेवढेच काय ते सुंदर. तिथली प्रवाळे मेली आहेत का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आपल्याला जे सुंदर वाटले तेच बहुधा आजारी होते. प्रवाळाच्या सूक्ष्म जीवांच्या ऊतींमध्ये एकपेशीय शैवाले राहतात. ती सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. निरोगी प्रवाळाचा तपकिरी, शेवाळी किंवा मातकट रंग मुख्यतः या शैवालांचा असतो. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळ्यातील कमाल तापमानापेक्षा एखादा अंश जरी अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, तरी ही शैवाले बाहेर टाकली जातात आणि खालचा चुन्याचा सांगाडा पारदर्शक कातडीतून पांढरा दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. पाणी लवकर निवले तर प्रवाळ सावरते; न निवल्यास उपासमारीने मरते आणि त्यावर हिरवट-करडे शेवाळ चढते. अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी असे विरंजन झाले, आणि त्यांतील २०१० चे फार मोठे होते. त्याआधी २००४ च्या त्सुनामीचाही मार बसला होता. एलिफंट बीचवर आडवी पडलेली वाळकी झाडे आपण पाहिली असतील, ती त्याचीच खूण.

जाहिरातींतील रंगांविषयी सांगायचे तर, पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषून घेते. पाच-सहा मीटरांखाली लाल वस्तू करडी दिसू लागते. छायाचित्रकार दिवा घेऊन जातो, आपण नेत नाही. तेव्हा रंग शोधण्यापेक्षा हालचाल शोधावी. एका जागी तरंगत दोन-तीन मिनिटे स्थिर राहिलात तर पोपटमासा चोचीसारख्या दातांनी दगड खरवडताना दिसतो, आणि कान पाण्यात असतील तर तो ‘करकर’ आवाज ऐकूही येतो. त्याच्या पोटातून जे बाहेर पडते ती पांढरी वाळूच असते. ज्या किनाऱ्यावर आपण चादर पसरून बसतो, त्यातली थोडीबहुत वाळू या मार्गाने आलेली आहे, हे जेवणाच्या वेळी मुलांना सांगू नये एवढेच.

प्रश्न : नीलला आम्ही दुपारी तीनला पोहोचलो. तिथल्या भरतपूर किनाऱ्यावर बोटी बंद झालेल्या, पाणी गुडघाभर, आणि पाचला अंधार पडू लागला. सहलीचा तो दिवस वाया गेला. चूक कोणाची?
— एक वाचक, सातारा

उत्तर : घड्याळाची आणि चंद्राची, आणि त्या दोघांना न विचारता बेत आखणाऱ्याची. अंदमान मुंबईच्या पूर्वेला सुमारे २० रेखांश दूर आहे, पण घड्याळ तेच. त्यामुळे तेथे सूर्य मुंबईपेक्षा सुमारे ८० मिनिटे आधी माथ्यावर येतो आणि डिसेंबरात सायंकाळी पाचच्या सुमारास मावळतोही. तेथील दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो, असे धरूनच कार्यक्रम ठरवावा. आठला न्याहारी आणि दहाला बाहेर ही आपली सवय तेथे महागात पडते.

चंद्राचे गणित कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी, आणि भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तास ते पन्नास मिनिटांनी पुढे. तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढण्याचा आपल्याकडचा हिशेब मात्र आपल्या किनाऱ्याचा आहे. तेथे पोर्ट ब्लेअरचे (आताचे श्री विजयपुरम) भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे. स्नॉर्कलिंग (मास्क लावून, तोंडात श्वासाची नळी धरून पाण्यावर तरंगत खाली पाहणे) आणि काचेच्या तळाची नाव यांसाठी भरतीच्या आगेमागे जावे, कारण तेव्हा प्रवाळांवर पुरेसे पाणी असते. लक्ष्मणपूरच्या नैसर्गिक पुलापाशी, ज्याला तिथले बंगाली रहिवासी ‘हावडा ब्रिज’ म्हणतात, ओहोटीलाच जावे. खडकांतल्या डबक्यांत समुद्रकाकड्या आणि लहान मासे अडकलेले तेव्हाच दिसतात. म्हणजे एकाच बेटावरची दोन ठिकाणे दिवसाच्या दोन वेगळ्या वेळी पाहायची असतात, आणि छापील पॅकेजमध्ये ती सलग लिहिलेली असतात.

माझीही एक चूक सांगतो. त्या पुलाजवळच्या खडकांवर मी ओहोटी उलटल्यानंतरही रेंगाळलो आणि परतताना मांडीभर पाण्यातून, तळ न दिसता, चालत यावे लागले. नडगीला प्रवाळ घासले. जखम बोटभर लांबीची, रक्तही फारसे आले नाही. म्हणून नुसती पुसली आणि विसरलो. तीन आठवडे ती चिघळत होती. प्रवाळाचे बारीक कण जखमेत राहतात. ती लगेच स्वच्छ गोड्या पाण्याने, थोडे दुखले तरी, चोळून धुवावी आणि जंतुनाशक लावावे. पायांत जाड तळाचे पाण्यातील बूट असावेत. पण बूट आहेत म्हणून प्रवाळावर उभे राहू नये. फुटबॉलएवढा गोल प्रवाळ वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढून तेवढा झालेला असतो.

प्रश्न : मुलीला किनाऱ्यावर पडलेले मेलेले प्रवाळ आणि शिंपले आणायचे आहेत. चालेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. दगडी प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे आणि त्यात मेलेला तुकडाही येतो. काही शंखशिंपल्यांनाही असेच संरक्षण आहे. विमानतळावर सामानाच्या तपासणीत तुकडा सापडला तर मुलीसमोर शोभा होईल. फोटो काढू द्या.

प्रश्न : सी-वॉक, जेट स्की, काचेची नाव, कयाक : सगळ्यांचे पैसे भरावेत की निवड करावी? आणि हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर समुद्रस्नान सुरक्षित आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ज्यांना पाण्यात तोंड घालण्याचीच भीती आहे त्यांच्यासाठी काचेची नाव ठीक. सी-वॉकमध्ये वरून हवा पुरवलेले जड शिरस्त्राण घालून तळावर चालायचे असते. डोके कोरडे राहते, पण कानांवरचा दाब चुकत नाही. जेट स्कीसाठी हजार मैल जाण्याचे कारण मला दिसत नाही, ती तारकर्लीलाही मिळते. माझी निवड कयाक : पहाटे खारफुटीच्या कडेने, किंवा अमावास्येच्या आसपास रात्री, जेव्हा वल्हे बुडवताच पाण्यात निळसर ठिणग्या उठतात. त्या सूक्ष्म जीवांच्या असतात, मोबाइलच्या कॅमेऱ्यात सहसा येत नाहीत, आणि ते बरेच आहे.

राधानगरला दिवसा, जीवरक्षकांनी आखून दिलेल्या पट्ट्यात उतरावे. खाऱ्या पाण्यातील मगरी अंदमानच्या खाड्यांत आहेत. २०१० मध्ये याच किनाऱ्याजवळ स्नॉर्कलिंग करणाऱ्या एका परदेशी पर्यटक स्त्रीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. खाडीचे मुख, खारफुटीची कड आणि सांजवेळ या तिन्हींपासून पोहणाऱ्याने दूर राहावे. कयाकसुद्धा जाणत्या वाटाड्याबरोबरच.

प्रश्न : स्नॉर्कलिंग करताना माझ्या मास्कमध्ये सारखे पाणी शिरत होते. पत्नीच्या मास्कमध्ये एक थेंबही नाही. मास्क खराब होता का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्याला मिशा आहेत का? मास्कची कड ओठावर जेथे टेकते तेथे केस असतील तर फट राहते. नाकाखालच्या मिशीला व्हॅसलीनचा पातळ हात फिरवावा. मास्क निवडताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवून नाकाने श्वास आत ओढावा. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर मापाचा आहे. पट्टा आवळून गळती थांबत नाही, उलट वाढते.