दुर्बिणीला हात न लावता क्वासारचा अभ्यास

प्रश्न : मी फिजिक्सच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. क्वासार (दीर्घिकेच्या मध्यातली, वायू गिळताना झगमगणारी महाकाय कृष्णविवरं) भोवतालचा वायू कसा तापवतात, हे मला सिम्युलेशनमधून अभ्यासायचं आहे. कोडिंग जेमतेम येतं. घरचे विचारतात, नुसतं कॉम्प्युटरसमोर बसून केलेलं संशोधन खरं असतं का?

उत्तर : असतं, आणि घरच्यांना कारणही सांग. तापलेला वायू दीर्घिकेबाहेर ढकलला जायला कोट्यवधी वर्षं लागतात. दुर्बिणीला त्यातला एकच क्षण दिसतो. आधी काय झालं आणि पुढे काय होईल, ते गणितातच चालवून पाहावं लागतं.

मात्र यातली खरी अडचण आधीच समजून घे. क्वासारचा झगमगाट येतो तो भाग फार तर काही प्रकाशदिवसांचा, दीर्घिका लाखभर प्रकाशवर्षांची. दोन्ही एकाच सिम्युलेशनमध्ये बारकाईने मावत नाहीत. मग किती ऊर्जा वायूत मुरते, हे आपल्यालाच ठरवावं लागतं. 2005 साली डी मात्तेओ, श्प्रिंगेल आणि हर्नक्विस्ट या शास्त्रज्ञांनी आपल्या सिम्युलेशनमध्ये क्वासारच्या प्रकाशातली 5 टक्के ऊर्जा वायूला उष्णता म्हणून दिली. वायू बाहेर फेकला गेला आणि कृष्णविवराची वाढ आपोआप थांबली. पण तो 5 चा आकडा निरीक्षणांशी जुळेल असा निवडलेला होता. तो बदलला तर निष्कर्ष किती हलतात, हे चिकाटीने तपासणं मला या कामाचा गाभा वाटतं. तुला तेच आवडणार असेल, तर जरूर ये.

कोडिंगचं म्हणशील, तर सुरुवातीला पायथॉन पुरे. 64 × 64 × 64 घरांचा डबा कर, त्यात एकसारखा वायू भर आणि मधल्या घरात भरपूर ऊर्जा ओत. हा सेडोव्हचा स्फोट, कोड तपासायची नेहमीची चाचणी. बाहेर पसरणाऱ्या धक्क्याच्या लाटेची, म्हणजे शॉकवेव्हची, त्रिज्या काळाच्या 2/5 घाताने वाढायला हवी. लॉग-लॉग आलेखावर (दोन्ही अक्षांवर लॉगरिदम) उतार 0.4 आला की कोड बरोबर चाललाय. मग वायूला प्रारणाने थंड होऊ दे आणि घनता वाढवत जा. एका टप्प्यावर ओतलेली उष्णता शेजारच्या घराला ढकलण्याआधीच निघून जाईल आणि स्फोट विझेल. मोठ्या सिम्युलेशनमध्येही हेच दुखणं आहे. म्हणून काही जण ऊर्जा साठवून ठेवतात आणि एकदम सोडतात.

नंतर सी किंवा सी++ शीक. गॅजेट-4 आणि अरेपो हे दीर्घिकांच्या सिम्युलेशनचे कोड सर्वांसाठी खुले आहेत, इलस्ट्रिस-टीएनजी या मोठ्या सिम्युलेशनचा डेटाही. पीएचडीनंतर कायम जागा मात्र मोजक्याच असतात, हे घरी स्पष्ट सांग. प्रोजेक्ट मागायला प्राध्यापकांकडे जाशील तेव्हा तो विझलेल्या स्फोटाचा आलेख सोबत ने.