बाळाच्या नाळेला हळद-तेल लावलं तर धनुर्वात होऊ शकतो का?

तुमचे दोन प्रश्न आहेत. थोरला दोन वर्षांचा, म्हणून या खेपेला टीडीचं, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाच्या लशीचं, एकच इंजेक्शन दिलं, ते पुरेल का? आणि सासरी पेठला नाळेवर हळद-तेल घालतात, ते चालेल का?

इंजेक्शन एक पुरतं. आधीच्या गरोदरपणात दोन्ही डोस झाले असतील आणि त्याला तीन वर्षं उलटली नसतील, तर बूस्टर म्हणून एकच देतात. जुन्या कार्डावर तारखा आहेत ना, तेवढं बघा. बाळाला स्वतःची पेंटाची लस (पाच रोगांवरची एकत्र, त्यात धनुर्वातही) दीड महिन्याने मिळते. तोवर आईकडून वारेतून आलेल्या प्रतिकारशक्तीवरच त्याची भिस्त. ती तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून डोस बाळंतपणाच्या निदान दोन आठवडे आधी हवा.

हळद-तेल मात्र नको. मी नाशिक जिल्ह्यातच आरोग्य सेविका होते. राख, शेण, कुंकू, सगळं नाळेवर पाहिलंय. धनुर्वाताचे जंतू माती-शेणात वर्षानुवर्षं तग धरतात, हळदीबरोबरही ते ताज्या नाळेत शिरू शकतात, आणि नुसत्या उकळण्याने मरतीलच असं नाही. म्हणून तर नाळ कापायला घरचा विळा उकळूनही चालत नाही. नाळ कोरडी ठेवा, बस्स. लंगोटाची कड नाळेच्या खाली दुमडा, म्हणजे शू लागत नाही. लागलीच तर स्वच्छ पाण्याने पुसून टिपून घ्या. ती काळी पडते, सुकते, आठ-पंधरा दिवसांत आपोआप गळते. लोंबतेय म्हणून ओढू नका.

सासूबाईंशी भांडू नका. पाचवी पुजू द्या, हळद-कुंकू पाट्यावर राहू दे. आशाताई तिसऱ्या, सातव्या दिवशी घरी येतात. हे त्यांच्याच तोंडून सासूबाईंसमोर निघू द्या. सुनेचं ऐकणं जड जातं, हो!

भारतात नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. पण त्याचा अर्थ प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण, शून्य नव्हे. मातीतले जंतू कुठे जाणार?

पहिले दोन दिवस छान प्यायलेलं बाळ तिसऱ्या दिवसानंतर, महिन्याच्या आत, कधीही ओढेनासं झालं, जबडा आवळला, अंग ताठ झालं, हात लावताच झटके आले, तर नाळ वरून बरी दिसत असली तरी १०८ ला फोन करा. बाहेरचं लागलंय म्हणून भगताकडे नेण्यात वेळ जातो, आणि पुढे नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात पोचायला सावळ घाट आहेच. रात्र असली तरी निघा.