जमिनीत जीवांच्या जाती जास्त असतील तर पालापाचोळा लवकर कुजतो का?

बऱ्याचदा हो, पण नुसती संख्या वाढून भागत नाही. कोण कोणतं काम करतं हे महत्त्वाचं. ओल्या मातीवरचं अर्धवट कुजलेलं पान उचलून पाहा. मऊ भाग गेलेला असतो आणि शिरांची जाळी तेवढी उरलेली असते. साखर, सेल्युलोज जिवाणूही फस्त करतात, पण शिरांमधलं लिग्निन, म्हणजे त्यांना कडकपणा देणारं चिवट द्रव्य, फोडणं हे मुख्यतः बुरशीचं काम. गांडुळं आणि वाणी किडे पानाचे तुकडे करतात, त्यामुळे जिवाणू आणि बुरशी दोघांनाही आत शिरायला जागा मिळते. यातला एक गट गेला की काम रेंगाळतं. उलट, एकच काम करणाऱ्या शंभर जातींपैकी काही कमी झाल्या तर लगेच फारसा फरक दिसत नाही. मात्र माती कोरडी पडली की बरेच जिवाणू थंडावतात आणि बुरशी तुलनेने जास्त काळ तग धरते. अशा वेळी या जादा वाटणाऱ्या जातींचं मोल कळतं, म्हणून त्यांना फालतू समजू नये.

झाडांचंही तसंच. शेंगावर्गीय झाडांच्या पानांतलं नायट्रोजन बुरशीच्या तंतूंमधून शेजारच्या चिवट पानापर्यंत पोचतं आणि तेही लवकर कुजतं. पण टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असलेली पानं मिसळली तर वेग मंदावूही शकतो.