क्षितिजरेषा कुठे आहे ते बघा

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे, उजव्या पायाला कॅलिपर लावतो. चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा झाली, आता इंटरमिजिएटची तयारी चालू आहे. परवा म्हणाला, "आई, जुन्या मोठ्या चित्रकारांनी माझ्यासारखी माणसं काढलीच नाहीत का?" शोधलं, तर एक तर भिकारी, नाहीतर दरबारातले विदूषक. ही चित्रं त्याला दाखवू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, खुशाल दाखवा. भिकारी आहेत म्हणून लपवू नका, त्या काळी बऱ्याच जणांच्या नशिबी तेच होतं. फक्त प्रत्येक चित्रात क्षितिजरेषा, म्हणजे चित्रकाराच्या डोळ्यांची पातळी, शोधायला सांगा. इंटरमिजिएटच्या पोराला ते जमतं.

चित्रकार ब्रूगेलचं 'भिकारी' (१५६८) हे चित्र जेमतेम वीतभर आहे. कुबड्यांवर सरपटणारे पाच जण, आणि आपण त्यांच्याकडे वरून बघतोय. मला ते आजही आवडत नाही.

मग चित्रकार रिबेराने १६४२मध्ये रंगवलेला भिकारी मुलगा बघा. दोन्ही चित्रं पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातच आहेत. याचं पाऊल वाकडं, कपडे मळके, हातातल्या कागदावर लॅटिनमध्ये 'देवाच्या प्रेमाखातर भिक्षा द्या'. पण क्षितिज पार खाली! म्हणजे चित्रकाराचे डोळे खालच्या पातळीवर, आणि पोरगा आभाळात उंच उभा. कुबडी खांद्यावर बंदुकीसारखी टाकलीय आणि दात काढून हसतोय.

चित्रकार वेलास्केझने स्पेनच्या दरबारातला बुटका सेबास्तियान दे मोरा रंगवला, तिथे मात्र क्षितिज सापडणार नाही, मागे नुसता काळोख. तो जमिनीवर बसलाय, बुटांचे तळवे आपल्याकडे, मुठी वळलेल्या, नजर थेट आपल्यावर. त्याच्याशी बोलायचं तर आपल्यालाही खालीच बसावं लागेल.

मी हे रेषेचं एवढं का धरून बसलोय? मी स्वतः पोलिओवाला. शाळेत स्थिरचित्राच्या तासाला बाकीची मुलं बोर्डापुढे उभी राहायची, मी खाली सतरंजीवर. टेबलावरच्या मडक्याच्या तोंडाचा लंबगोल त्यांना दिसायचा, मला नुसती काठाची कड. मी कड काढली. सरांनी लाल पेनाने त्यावर लंबगोल काढून दिला आणि मार्क कापले. पुढे ३१ वर्षं मी चित्रकला शिकवली, पण तो लाल लंबगोल काही डोळ्यांपुढून जात नाही.

आणि हो, परीक्षेला त्याला उंच स्टूल लागणार असेल तर केंद्रावर आधीच लेखी कळवा. ऐनवेळी मिळत नाही.