आधी स्कॅन उघडून बघ

प्रिय,

तुझा मेल वाचला. बरोबरच्या मित्राचा एच-इंडेक्स ११, म्हणजे किमान ११ वेळा उद्धृत झालेले त्याचे ११ पेपर; तुझा ३. गाईड म्हणतात, ४० जणांच्या डेटाचे तीन पेपर पाड: एक स्मरणशक्तीवर, एक झोपेवर, एक नैराश्यावर. आणि तू विचारतेस, 'सर, मी मागे पडतेय का?' तू हुशार आहेस वगैरे लिहीत बसत नाही, ते तुला ठाऊक आहे. मला एवढंच सांग, त्या ४० जणांच्या मेंदूचे एमआरआय स्कॅन तू स्वतः उघडून पाहिलेस का? मेलमध्ये सायटेशनचे, म्हणजे कुणी किती वेळा उद्धृत केलं त्याचे आकडे आहेत, स्कॅनबद्दल अवाक्षर नाही.

सॉफ्टवेअरने 'ठीक' म्हटलं म्हणजे तू पाहिलंस असं होत नाही. एकेकाचे सगळे व्हॉल्यूम, म्हणजे मेंदूची एकामागून एक घेतलेली चित्रं, सिनेमासारखे पळवून बघ. एखाद्याला खोकला येतो, डोकं जरासं हलतं आणि त्या चित्रावर आडवे पट्टे उमटतात. कुणाच्या दातांना तारा असतात, तिथे मेंदूचा पुढचा-खालचा भाग काळाठिक्कर. सगळ्यांची सरासरी काढली की यातलं काही दिसत नाही, निष्कर्षात मात्र शिरून बसतं.

२०१२ साली सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जोनाथन पॉवर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की डोक्याच्या अगदी बारीक हालचालींमुळेही मेंदूच्या भागांमध्ये नसलेले संबंध दिसू लागतात. ज्या प्रयोगशाळेने मुलांच्या मेंदूच्या जडणघडणीवर गाजलेले पेपर लिहिले होते, त्याच प्रयोगशाळेने हे छापलं, आपल्याच आधीच्या निष्कर्षांवर शंका घेत. मला त्या लोकांबद्दल फार आदर आहे. आणि २०१६ चं एक्लुंड, निकोल्स आणि नुटसन यांचं काम तर तू वाचलंच असशील: जिथे काहीच सापडायला नको अशा डेटावर नेहमीची सॉफ्टवेअर चालवली, तर अपेक्षित ५ टक्क्यांऐवजी काही पद्धतींत ७० टक्क्यांपर्यंत खोटे निष्कर्ष निघाले. म्हणून म्हणतो, आधी स्कॅन उघडून बघ.

एच-इंडेक्स हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडला. तुझा पेपर कुणी पटला म्हणून उद्धृत केला की खोडून काढायला, हे त्या आकड्याला कळत नाही. भारत बिस्वाल विद्यार्थी असताना मिलवॉकीत स्कॅनमधल्या 'गोंगाटा'च्या मागे लागले होते. माणूस काहीही न करता पडून असतानाही मेंदूच्या डाव्या-उजव्या हालचाल-केंद्रांचे संथ चढउतार जोडीने होतात, हे त्यांना दिसलं. १९९५ चा तो पेपर. श्वासाचा, नाडीचा परिणाम असेल म्हणून बऱ्याच जणांनी तो बाजूला सारला. पुढे त्यावर अख्खी शाखा उभी राहिली, आज त्याची सायटेशन हजारोंनी आहेत. पहिल्या काही वर्षांतल्या आकड्यावर त्यांचा निकाल लावला असता तर?

माझ्या बायोडेटात पेपर मोजकेच आहेत. मुलाखतीत समितीतल्या एकाने यादीचं पान उलटून 'एवढेच?' म्हणून विचारलं होतं. बढती हुकली. मी तिथे गप्प बसलो, त्याची खंत अजून आहे. पण जे स्कॅन मला पटले नाहीत त्यांच्यावर मी पेपर लिहिला नाही आणि यापुढेही लिहिणार नाही. लोक हट्टी म्हणतात. म्हणू देत. त्या यादीतला एकही पेपर मला मागे घ्यावासा वाटत नाही, आणि तुझ्या मित्राला दहा वर्षांनी असं म्हणता यावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

फेलोशिप संपत आलीय, हे मला कळतं. पण अगं, स्वभाव किंवा वर्तनाची मेंदूशी सांगड घालायची तर हजारो माणसं लागतात, हे २०२२ मध्ये मारेक आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवलंय. तू ४० जणांवर तीन-तीन सांगडी घालणार? एकच पेपर लिही. किती स्कॅन बाद केले आणि का, ते त्यात स्पष्ट लिही. रुग्णांची संमती असेल तर डेटा सगळ्यांसाठी खुला कर.

गाईडना भेटशील तेव्हा एच-इंडेक्सचा विषय काढू नकोस. बाद केलेल्या स्कॅनची यादी समोर ठेव. 'मग उरलं काय?' असं म्हणाले तर चिडू नकोस, लॅपटॉप उघडून ते पट्टे दाखव. त्याआधी यादी मला पाठव. रविवारी सकाळी मी घरीच आहे, एकेक स्कॅन सोबत बघू.

तुझे,
सर