अहवाल मागतंय कोण?

चिरंजीवीस अनेक आशीर्वाद.

कोणता देश कंपन्यांवर ईएसजी, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार यांचा अहवाल केव्हा आणि का सक्तीचा करतो, यावरचा तुझ्या संशोधनाचा आराखडा वाचला. साठ देश, दरडोई उत्पन्न, लोकशाही निर्देशांक, कार्बन उत्सर्जन आणि खाली तुझा हताश शेरा: ‘काहीच लागू पडत नाही.’ पडणारच नाही. देशाला आधी पर्यावरणाची कळकळ वाटते, मग तो ईएसजी अहवाल सक्तीचा करतो, असं तू धरून चाललीस. अगं, अहवाल मागतंय कोण, ते आधी शोध.

भारतासमोर तू 2021 लिहिलंस. कशावरून? 2011 मध्ये कंपनी व्यवहार मंत्रालयाची ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वं आली. 2012 मध्ये शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या 100 सूचीबद्ध कंपन्यांना अहवाल लावला. पुढे 500 झाल्या, मग 1000. बीआरएसआर, म्हणजे जबाबदारी आणि शाश्वततेच्या या अहवालाचं नवं रूप, त्याचं परिपत्रक मे 2021 चं, पण 2021-22 साठी ते ऐच्छिक. सक्ती 2022-23 पासून. त्यातल्या निवडक ‘कोअर’ निर्देशकांची त्रयस्थ पडताळणी 2023-24 पासून, तीही सुरुवातीला पहिल्या 150 कंपन्यांपुरती. एका देशाला एक तारीख देऊन चालत नाही. ऐच्छिक, ‘पाळा नाहीतर कारण द्या’, सक्ती आणि पडताळणी असे चार रकाने कर. शेजारी पाचवा: मागणारा.

तो सापडतो कुठे? प्रस्तावनेत नाही, तिथे सगळेच देश साधू असतात. सेबीच्या परिपत्रकात शेवटचा परिच्छेद वाच. अधिकार सेबी कायद्याच्या कलम 11 खालचा, म्हणजे गुंतवणूकदाराच्या संरक्षणाचा. म्हणून तर बिगरसूचीबद्ध कंपनी कितीही धूर सोडो, बीआरएसआरमधून सुटते. उलट कंपनी कायद्याचं कलम 135, नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामांवर खर्चण्याचं, संसदेने केलेलं. ते तिलाही लागू होऊ शकतं. देश एकच, मागणारे दोन. दक्षिण आफ्रिकेत 2010 पासून जोहान्सबर्गच्या शेअर बाजाराने मागितलं, फ्रान्समध्ये 2001 मध्ये संसदेने. या दोघांना तू एकाच रकान्यात कोंबलंस!

युरोपात तर घोळच आहे. युरोपीय संघाच्या 2014 च्या अहवालविषयक निर्देशानंतर 28 सदस्य देशांना डिसेंबर 2016 पर्यंत कायदे करणं भाग होतं. तू ते 28 स्वतंत्र निर्णय मोजलेस. फ्रान्स आणि 2008 चा डेन्मार्क असे आधीच हललेले देश वेगळे काढ. उरलेल्यांत मागणारा ब्रुसेल्स, म्हणजे युरोपीय संघच.

मी एकच धोशा लावतो, अशी माझी ख्याती आहे. असू दे. आकडेमोडीशी माझं वैर नाही, आंधळ्या रकान्यांशी आहे. हा विषय इतकी वर्षं नीतिपाठासारखा शिकवला गेला, याची मात्र खंत आहे. युरोपात नट-बोल्ट पाठवणाऱ्या पुण्याच्या कारखानदाराकडे ऑक्टोबर 2023 पासून उत्सर्जनाचे आकडे मागितले जातात. ती कार्बन सीमाकराची, म्हणजे आयात मालाच्या उत्सर्जनावर युरोप लावत असलेल्या कराची माहिती, ईएसजी अहवालात धरू नकोस. पण मागणारा तिथला आयातदार आहे, हे टिपून ठेव.

आणि तुझा तक्ता फक्त पुढेच का सरकतो? अमेरिकेच्या रोखे आयोगाने मार्च 2024 मध्ये कंपन्यांनी हवामानाची जोखीम उघड करण्याचा नियम केला, एप्रिलमध्ये स्थगित केला, मार्च 2025 मध्ये न्यायालयात त्याची बाजू मांडणंच सोडलं. युरोपनेही 2025 मध्ये अहवालाच्या मुदती पुढे ढकलल्या. सेबीने पुरवठा साखळीतल्या भागीदारांची माहिती देण्याचा टप्पा वर्षभर लांबवला. माघारीचीही नोंद कर आणि तिथेही तेच विचार: मागणारा गप्प का बसला?

उत्पन्न आणि लोकशाहीचे रकाने तूर्त बाजूला ठेव. आधी दहाच देश घे, मूळ राजपत्रं आणि परिपत्रकं उघड, आणि पाचवा रकाना भरून पाठव.